आधी ताट, मग डबा!

माझ्या मोठ्या जाऊबाईंना स्तनाच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा सोबतीला म्हणून मीच जायचे. सकाळी साडेसहाची एसटी, जिल्ह्याच्या गावी पोचायला नऊ. दर एकवीस दिवसांनी एक डोस, असं गणित होतं. दोन डोस नीट झाले. तिसऱ्याला गेलो, रक्त तपासलं आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. आज डोस देता येणार नाही. आठ दिवसांनी या.’’ आम्ही दोघी आल्या पावली परत एसटीत बसलो. सगळ्या प्रवासात जाऊबाई एकच वाक्य बोलल्या, ‘‘अगं, माझं अंगच संपत चाललंय बघ.’’

पांढऱ्या पेशी कमी झाल्याची बातमी आमच्या घरात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी पुतण्या शहरातून एक भलामोठा डबा घेऊन आला. प्रथिनांची पावडर! डब्यावर ढालीचं चित्र आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं ठसठशीत लिहिलेलं. किंमत सोळाशे रुपये. पोराचा जीव काकूवर, म्हणून त्यानं आणला. त्याला कशी नावं ठेवायची? सगळ्यांना हायसं वाटलं. उपाय सापडला होता ना!

आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तरुण मुलगी होती. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘ताई, काल दिवसभरात काय काय खाल्लंत, तेवढं सांगा.’’

जाऊबाई सांगू लागल्या. सकाळी कोरा चहा आणि दोन बिस्किटं. अकराला मुगाचं पाणी. दुपारी काही नाही, कारण काल संकष्टी होती! चारला मोसंब्याचा रस. रात्री चंद्रोदयानंतर तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं. आणि हो, डब्यातली पावडर, दोन छोटे चमचे, पाण्यातून.

त्या मुलीनं कागदावर बेरीज केली आणि कागद माझ्यासमोर सरकवला. दिवसभरात पंधरा ग्रॅमसुद्धा प्रथिनं पोटात गेली नव्हती. ‘‘यांचं वजन पन्नास किलो आहे. केमो चालू असताना किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम,’’ ती शांतपणे म्हणाली. मला मात्र खाली मान घालावीशी वाटली. घरात दूध होतं, डाळ होती, शेंगदाणे होते, कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी होती. तरी आमच्या घरात एक बाई उपाशी होती, आणि ती उपाशी आहे हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

हे झालं कसं? ज्यानं त्यानं प्रेमानं एकेक पदार्थ बंद केला होता. सासूबाई म्हणाल्या, अंडं उष्ण पडतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुधानं कफ होतो. कुणी सांगितलं, तुरीची डाळ वातूळ. कुणी म्हणालं, दाण्यांनी पित्त वाढेल, दही बाधेल. सगळ्यांचं ऐकता ऐकता ताटात उरली ती पेज. आणि पेजेच्या शेजारी तो डबा.

मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीपुरताच. पण त्या दिवसानंतर मी विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सोप्या शब्दांत सांगते. कॅन्सरची पुष्कळशी औषधं झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात. आणि हाडांच्या आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, जिथं रक्ताच्या पेशी तयार होतात, तिलाही हा मार बसतो. पांढऱ्या पेशींतल्या ज्या जंतूंवर पहिल्यांदा धावून जातात, त्यांचं रक्तातलं आयुष्य जेमतेम दिवसभराचं. कारखाना मंदावला की साठा लगेच संपतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत कमी होतात आणि मग हळूहळू भरून येतात. एकवीस दिवसांचं गणित बरंचसं या भरून येण्यासाठीच असतं.

आता या नव्या पेशी घडवायच्या म्हणजे माल हवा. अंगात जंतूंशी झुंजणारी जी प्रतिद्रव्यं असतात, तीही प्रथिनांचीच बनलेली. गवंडी कितीही हुशार असला, तरी विटाच नाहीत म्हटल्यावर तो भिंत कशी उभारणार?

पण इथंच एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विटा आणून टाकल्या म्हणजे भिंत आपोआप उभी राहते, असं नाही. अंडी खाल्ली आणि चार दिवसांत पांढऱ्या पेशी वाढल्या, असं होत नसतं. पेशी फारच कमी झाल्या, तर डॉक्टर त्या वाढवण्याची इंजेक्शनं देतात. जाऊबाईंनाही ती दिली. आहाराचं काम वेगळं. अंगातलं मांस झिजू न देणं, वजन टिकवणं, पुढचा डोस सोसण्याची ताकद देणं. ते काम इंजेक्शन करत नाही.

मग डब्यावरच्या त्या ढालीचं काय? पुतण्या मला म्हणाला, ‘‘काकू, यावर संशोधन झालंय.’’ खोटं नाही ते. सायक्लोफॉस्फामाइड नावाचं एक जुनं औषध आहे, १९५० च्या दशकात जर्मनीत तयार झालेलं. कॅन्सरवर आणि ल्युपससारख्या काही आजारांवर ते आजही वापरतात. प्रयोगशाळेत हेच औषध उंदरांना देऊन त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणतात. मग त्यांना दुधाच्या निवळीतली, अंड्यातली, सोयाबीनमधली, अक्रोडातली किंवा शिंपल्यांतली प्रथिनं, नाहीतर त्या प्रथिनांचे बारीक तुकडे देतात, आणि प्लीहा सुधारली का, पांढऱ्या पेशी वाढल्या का, ते बघतात. अशा पुष्कळ प्रयोगांत उंदरांना फायदा झालेला दिसतो. आशा वाटावी अशीच ही गोष्ट आहे, आणि हे काम व्हायलाच हवं.

पण उंदीर म्हणजे आपल्या जाऊबाई नव्हेत! त्याचं वजन काही ग्रॅमचं, त्याला दिलेला डोस मोजून मापून, त्याचं खाणंपिणं दुसऱ्याच्या हातात. तिथून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि वाटेत कितीतरी गोष्टी गळून पडतात. उंदरावरच्या प्रयोगाचा दाखला देऊन माणसाला डबा विकायचा, हे मला पटत नाही. दुकानदारानं ‘संशोधन झालंय’ म्हटलं, की आपण न लाजता विचारावं, ‘‘कुणावर झालंय हो?’’

तीच गोष्ट चिकाची. ‘गाईच्या चिकात सगळी प्रतिकारशक्ती असते’ असं म्हणून त्याच्याही कॅप्सूल विकल्या जातात. चिकात वासरासाठी प्रतिद्रव्यं असतात, हे खरंच. पण वासरू ती आतड्यातून थेट रक्तात घेऊ शकतं, ते जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसभरात. म्हणून तर जाणता शेतकरी वासराला लगेच चीक पाजतो. आपल्या मोठ्या माणसांच्या पोटात गेलं की तेही इतर प्रथिनांसारखं पचून जातं. घरचा, नीट वाफवलेला खरवस आवडत असेल तर जरूर खावा. पण तो खरवस म्हणून खावा, औषध म्हणून नव्हे. आणि कच्चा चीक तर केमोच्या रुग्णाला मुळीच देऊ नये.

डब्याला मी सरसकट वाईट म्हणत नाही. तोंडात फोड आलेत, घास गिळवत नाही, वजन उतरतंय, अशा वेळी आहारतज्ज्ञ स्वतः पावडर सुचवतात, आणि ती उपयोगी पडते. पण ती किती, कशातून आणि किती वेळा, हे त्यांनी सांगावं. आमच्याकडे ती महाग म्हणून काटकसरीनं, दोन छोटे चमचे, तीही पाण्यातून दिली जात होती! ना धड औषध, ना धड अन्न. सोळाशे रुपयांत कितीतरी दिवसांची अंडी आणि दूध आलं असतं.

एक कबुली मलाही द्यायची आहे. पहिल्या डोसनंतर गव्हांकुराचा कच्चा रस जाऊबाईंना मीच द्यायचे. कुठेतरी वाचलं होतं. जोडीला गुळवेलीचा काढा. आहारतज्ज्ञ मुलीनं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मातीत वाढलेल्या कोवळ्या अंकुरांचा कच्चा रस, आणि तोही पांढऱ्या पेशी खाली असताना! काढ्याचंही तसंच. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल उकळत होती. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. वादात कोण बरोबर, ते मी सांगणारी कोण? पण केमोच्या औषधांचा भार आधीच यकृतावर असताना डॉक्टरांच्या नकळत काढा पाजणारी मी होते, आणि ते चुकलं, एवढं मला कळतं.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही जाऊबाईंचं ताट नव्यानं मांडलं. दोन पेले दूध, त्यातून तेरा ग्रॅम. दोन उकडलेली अंडी, बारा ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, तेरा ग्रॅम. लक्षात घ्या, वरणाचं पाणी नव्हे, घट्ट वरण. तीन पोळ्या किंवा भाकऱ्या, दहा ग्रॅम. मूठभर दाणे, कूट करून, सहा ग्रॅम. वाटीभर दही, तीन ग्रॅम. झाली की सत्तावन्नची बेरीज! यातलं काय परदेशातून मागवायचंय? अंडं न खाणाऱ्यांना पनीर आहे, सोयाबीन आहे, हरभरा आहे. खाणाऱ्यांना मासळी आहे. आपली मुगाची खिचडी तर काय सांगावी! तांदळात जे कमी ते डाळीत, डाळीत जे कमी ते तांदळात. आजीला शास्त्र माहीत नव्हतं, पण जोडी तिनं बरोबर जमवली होती.

अर्थात केमोत भूक कुठे असते? तोंडाला धातूची चव, वासानं मळमळ. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी निम्मं ताट परत पाठवलं. मग आम्ही दर दोन तासांनी थोडं थोडं द्यायला लागलो. तिखट बंद, पदार्थ मऊ आणि कोमट. मूगडाळीचं धिरडं, मऊ भात आणि मेतकूट-तूप, पातळ पिठलं, दुधात शिजवलेला दलिया, दाण्याचा लहानसा लाडू. एका वहीत रोजचं खाणं लिहायचं ठरवलं. ती वही मग जाऊबाई स्वतःच लिहू लागल्या. एकदा म्हणाल्या, ‘‘लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली गं, मी काय खाते हे कुणी पहिल्यांदाच लिहून ठेवतंय.’’ यावर मी काय बोलणार?

ताटाइतकीच स्वच्छता महत्त्वाची. दूध उकळलेलं, अंडं आतपर्यंत शिजलेलं, हाफ फ्राय नको. मोड आलेले मूग पौष्टिक म्हणून आपण कच्चे देतो, पण मोडांच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. त्यांची उसळ करा. फळ घरी धुऊन, सोलून द्या. गाडीवरचा उसाचा रस नको, चिरून ठेवलेलं कलिंगड नको. दही, कोशिंबीर चालेल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. कच्च्या दुधाच्या पंचामृताचं तीर्थ आलं, तर डोळ्यांना लावून बाजूला ठेवा. देव रागावत नाही.

आणि घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी नसतील, तर साधा दिसणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. ‘आत्ता रात्री कुठे त्रास द्यायचा’ हा बायकांचा नेहमीचा संकोच इथं घातक ठरतो. त्रास द्या. हक्कानं द्या!

एक सावधगिरीही सांगते. ज्यांची किडनी अधू आहे, त्यांना प्रथिनं मोजून द्यावी लागतात. ज्यांची किडनी बदललेली आहे, त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारेल. अशांना ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काही आपल्या मनानं देणं म्हणजे भलतंच संकट. त्यांचं ताट डॉक्टरांनीच ठरवावं.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. हे फक्त अज्ञानातून होत नाही. आमच्या घरात भावोजी आजारी पडले होते, तेव्हा त्यांच्यासाठी रोज अंडं येत होतं. तेव्हा ते कुणाला उष्ण पडलं नाही! जाऊबाईंच्या वेळी मात्र ते उष्ण पडलं. घरातल्या पुरुषाच्या आजारपणात ‘त्यांना ताकद हवी’ म्हणायचं आणि बाईच्या आजारपणात ‘तिला पथ्य हवं’ म्हणायचं, ही आपली रीत आहे. बरं, बाई स्वतःही तेच मानते. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, उरेल ते खायचं, वर सोमवार, संकष्टी, एकादशी. आयुष्यभर असं जेवलेली बाई केमोच्या खुर्चीत बसते, तेव्हा तिच्या अंगात गंगाजळी कितीशी असणार? जाऊबाईंनी संकष्टी सोडायला सर्वांत जास्त विरोध कुणी केला असेल? जाऊबाईंनीच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘‘तुझी संकष्टी मी धरते, तू जेव.’’ अंडं उष्ण म्हणणाऱ्या याच सासूबाई! माणसं वाईट नसतात, त्यांना कुणीतरी नीट सांगावं लागतं.

सरकारनंही थोडं ऐकावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरीब रुग्णांची केमोथेरपी होते, याचं मोल मोठं आहे. पण घरी परतल्यावरच्या एकवीस दिवसांच्या ताटाचं काय? क्षयाच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. आणि अन्नाचा उपयोग होतो याचा पुरावाही आपल्याच देशात आहे, तोही उंदरांवरचा नव्हे, माणसांवरचा. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांचा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तिथं नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. क्षय वेगळा, कॅन्सर वेगळा, हे मला कळतं. पण जी गोष्ट क्षयरुग्णाला मिळते, ती केमो घेणाऱ्या गरीब बाईला का मिळू नये? डाळ, अंडी, दूध पावडर यांची एक पिशवी प्रत्येक डोसबरोबर का देऊ नये?

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आमच्या महिला मंडळानं एवढं ठरवलंय, की गावात कुणाचीही केमो सुरू झाली की भेटायला जाताना शहाळं आणि सल्ला न्यायचा नाही. अंड्यांचा ट्रे, नाहीतर डाळीची पिशवी न्यायची, एक वही न्यायची आणि थर्मामीटर न्यायचा. सर्दी-खोकला असलेलीनं दारातूनच द्यायचं.

जाऊबाईंचे पुढचे सगळे डोस वेळेवर झाले. ते आमच्या ताटामुळं झाले, असं मी म्हणणार नाही. इंजेक्शनं होती, डॉक्टर होते, नशीबही असेल. पण वजन घसरायचं थांबलं, आणि शेवटच्या डोसच्या दिवशी त्या एसटीच्या पायऱ्या माझा हात न धरता चढल्या. आता त्या आमच्याबरोबर पहिल्या पंगतीला बसतात. ती वही अजून फडताळात आहे. परवा सहज उघडली, तर त्यांच्या अक्षरात नवीन पान लिहायला घेतलेलं. वर नाव घातलं होतं सासूबाईंचं.